पिक्चर ‘सिरीयलवानी’ का दिसतो? २४, ४८ आणि ६० एफपीएसची भानगड

नवा टीव्ही घेतला, त्यावर दहा वेळा बघितलेला सिनेमा लावला, आणि काहीतरी विचित्र वाटलं, असं तुमच्या घरी झालंय का? चित्र स्वच्छ, रंग झकास, तरी सिनेमा सिनेमासारखा वाटत नाही. शूटिंग चालू असताना आपण बाजूला उभे राहून बघतोय, असं काहीतरी. नक्की काय बिघडलंय ते मात्र सांगता येत नाही.

आमच्याकडे फुलचूरला मोठ्या आईने ते एका वाक्यात सांगितलं. टीव्हीवर ‘सैराट’ लागला होता. पाच मिनिटं बघून ती म्हणाली, “काऊन रे, हा पिक्चर सिरीयलवानी काऊन दिसून राहिला?”

गंमत म्हणजे जगभरात या प्रकाराला नावच ‘सोप ऑपेरा इफेक्ट’ आहे. सोप ऑपेरा म्हणजे आपल्या रोजच्या मालिका. मोठ्या आईने ते नाव कधी ऐकलेलं नाही, फ्रेम रेट हा शब्दही नाही. तरी तिच्या डोळ्यांनी तेच पकडलं, जे हॉलिवूडचे दिग्दर्शक आणि समीक्षक गेली अनेक वर्षं भांडून सांगतायत. मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, त्यामुळे ‘आकडा मोठा म्हणजे माल चांगला’ ही सवय मलाही आहे. पण इथे आकडा दुप्पट केला की अनेकांना चित्र स्वस्त वाटायला लागतं. असं का होतं, ते नीट बघण्यासारखं आहे.

आधी आकडा समजून घेऊ

मोबाईलच्या कॅमेऱ्यात ‘१०८०पी ३०’ किंवा ‘४के ६०’ असं लिहिलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा म्हणजे फ्रेम रेट, एका सेकंदात किती स्थिर फोटो काढले जातात तो. त्यालाच एफपीएस म्हणतात. थिएटरचा सिनेमा साधारण शंभर वर्षं २४ वर चालतोय. त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त वेगाने शूट करून तितक्याच वेगाने दाखवला, तर त्याला हाय फ्रेम रेट, थोडक्यात एचएफआर म्हणतात.

‘तितक्याच वेगाने दाखवला’ हे महत्त्वाचं, कारण इथे स्लो मोशनचा घोळ होतो. ‘सैराट’मध्ये भरपूर स्लो मोशन आहे. असा शॉट घेताना कॅमेरा जास्त वेगाने फ्रेम घेतो, पण पडद्यावर त्या २४ च्याच वेगाने सोडल्या जातात, म्हणून हालचाल संथ होते. फोनचा २४० एफपीएसचा स्लो मोशन तसाच. तो एचएफआर सिनेमा नव्हे. एचएफआरमध्ये पळणारा माणूस नेहमीच्याच वेगाने पळतो, फक्त त्या पळण्याचे तुकडे जास्त बारीक असतात.

ते किती बारीक, याचा हिशोब सोपा आहे. समजा, पडदा १२ मीटर रुंद आहे आणि एक सायकलवाला दोन सेकंदांत या टोकाकडून त्या टोकाला जातो. २४ एफपीएसवर तो ४८ ठिकाणी दिसेल, म्हणजे दर फ्रेमला २५ सेंटीमीटरची उडी. ६० वर १२० ठिकाणी, म्हणजे १० सेंटीमीटरची. २५ सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ वीतभर! तरी आपल्याला सायकल तुटक का दिसत नाही? मेंदू मधल्या जागा जोडून घेतो हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे धूसरपणा.

प्रत्येक फ्रेम घेताना शटर थोडा वेळ उघडं असतं. सिनेमाची जुनी पद्धत अशी, की फ्रेमच्या वेळेच्या निम्मा वेळ शटर उघडं ठेवायचं, म्हणजे २४ ला १/४८ सेकंद. तेवढ्या वेळात सायकल पुढे सरकते, त्यामुळे तिची कड पुसट होते. याला मोशन ब्लर म्हणतात. ६० एफपीएसला तोच नियम लावला तर शटर १/१२० सेकंदच उघडं राहतं, ब्लर कमी होतो आणि चाकाची तार न् तार दिसते. ज्याला आपण ‘फिल्मी लुक’ म्हणतो, त्याचा मोठा भाग ही थोडी तुटक, थोडी पुसट हालचाल आहे. बाकी लायटिंग, लेन्स, रंग हे सगळं असतंच, पण हालचाल बदलली की ते सगळं असूनही मोठी आई टोकते.

२४ आला कुठून?

कोणी डोळ्यांवर संशोधन करून २४ ठरवला असं वाटत असेल, तर तसं काही नाही. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलतचित्रं दाखवली गेली, तेव्हा यंत्र हाताने फिरवलं जायचं, साधारण सेकंदाला १६ फ्रेम. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावात लागला, तोही हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर काढलेला. हात थकला की वेग कमी, जोश आला की जास्त. यूट्यूबवर जुन्या मूकपटांतली माणसं तुरुतुरु चालताना दिसतात ना? ती खरंच तशी चालत नव्हती. १६ च्या आसपास घेतलेलं चित्र २४ वर चालवलं की हालचाल दीडपट वेगाने होते, एवढंच.

एडिसनचं मत सेकंदाला ४६ फ्रेम हव्यात असं होतं. पण फिल्म महाग. जेवढ्या फ्रेम जास्त, तेवढी रिळं जास्त.

मग आवाज आला, आणि हाताचं काम संपलं. चित्राचा वेग जरा कमीजास्त झाला तर डोळा चालवून घेतो, पण गाण्याचा सूर हलला तर कान अजिबात चालवून घेत नाही. म्हणून १९२० च्या दशकाच्या अखेरीस वेग पक्का करावा लागला. मिनिटाला ९० फूट फिल्म. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे मिनिटाला १,४४० आणि सेकंदाला २४. आवाज बरा यावा एवढा जास्त, आणि फिल्मचा खर्च झेपावा एवढा कमी. १९३१ चा ‘आलम आरा’ आणि १९३२ चा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले तोवर २४ ची गाडी रुळावर आली होती. खर्च आणि आवाज यांच्यात झालेली ही तडजोड, तिच्यावर पुढच्या चार-पाच पिढ्यांचे डोळे वाढले.

टीव्हीने मात्र वेगळा रस्ता धरला. आपल्याकडे विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे टीव्हीचं गणितही ५० चं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हाची पद्धत अशी: सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत. आधी एक सोडून एक ओळी, मग राहिलेल्या ओळी. व्हिडिओ कॅमेरा हे दोन हप्ते वेगवेगळ्या क्षणी टिपायचा, म्हणजे डोळ्याला सेकंदाला ५० वेळा नवी हालचाल मिळायची. बातम्या, क्रिकेट, स्टुडिओत व्हिडिओवर काढलेल्या मालिका, नाटकांच्या कॅसेट, लग्नाच्या कॅसेट हे सगळं ५० चं. फिल्मवर काढलेला सिनेमा तेवढा वेगळा.

म्हणजे आपल्या घरात कित्येक वर्षं एकाच डब्यावर दोन प्रकारची हालचाल येत होती. गुळगुळीत दिसली की ते ‘आत्ता घडतंय’ किंवा ‘कमी पैशांतलं’. जरा तुटक दिसली की तो ‘पिक्चर’. कोणी शिकवलं नाही, डोळ्यांनी आपोआप शिकून घेतलं. मोठ्या आईच्या ‘सिरीयलवानी’मागे एवढा इतिहास आहे.

मोठ्या पडद्यावर काय काय झालं

२४ सोडायचे प्रयत्न बरेच झाले. १९५५ ला ‘ओक्लाहोमा!’ टॉड-एओ पद्धतीत ३० एफपीएसवर शूट झाला. ज्या थिएटरांत तशी यंत्रं नव्हती त्यांच्यासाठी तोच सिनेमा साध्या २४ वर वेगळा शूट करावा लागला. एकच सिनेमा दोनदा!

मला स्वतःला सगळ्यात आवडणारं प्रकरण डग्लस ट्रंबलचं. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’च्या स्पेशल इफेक्टवर काम केलेला हा माणूस. त्याने शोस्कॅन नावाची पद्धत काढली, ७० मिलिमीटर फिल्म, ६० एफपीएस. फ्रेम रेट वाढवत नेला तशी प्रेक्षकांच्या शरीराची प्रतिक्रियाही वाढत गेली, असं त्याच्या चाचण्यांवरून त्याचं म्हणणं होतं. त्याला १९८३ च्या ‘ब्रेनस्टॉर्म’मध्ये ते वापरायचं होतं, पण सगळीकडे नाही. त्या गोष्टीत एक यंत्र आहे, जे दुसऱ्याच्या मेंदूतला अनुभव तुम्हाला दाखवतं. साध्या गोष्टीला २४, आणि तो मेंदूतला अनुभव सुरू झाला की ६०, अशी त्याची कल्पना होती. स्टुडिओ तयार झाला नाही. शेवटी शोस्कॅन पोचलं ते थीम पार्कच्या हलत्या खुर्च्यांच्या खेळांत, जिथे लोकांना ‘आपण खरंच तिथे आहोत’ असं वाटायलाच हवं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग आला डिजिटल जमाना, आणि फिल्मच्या रिळांचा खर्च संपला. पीटर जॅक्सनने ‘द हॉबिट’ ४८ एफपीएसवर शूट केला. एप्रिल २०१२ मध्ये लास वेगासच्या सिनेमाकॉनमध्ये थिएटरवाल्यांना आणि पत्रकारांना त्याची दहाएक मिनिटं दाखवली, आणि गडबड उडाली. अनेकांना ते टीव्हीच्या मालिकेसारखं, मॅचच्या प्रक्षेपणासारखं वाटलं. सेट सेटसारखे दिसतात, मेकअप मेकअपसारखा दिसतो, अशी तक्रार. जॅक्सनचं उत्तर होतं की डोळ्यांना सरावायला वेळ लागतो, दहा मिनिटांत ते होणार नाही. डिसेंबरमध्ये सिनेमा लागला तेव्हाही मतं दुभंगलेलीच राहिली. पण दुसऱ्या बाजूचीही माणसं होती, हे विसरू नका. डोंगरदऱ्यांवरून कॅमेरा फिरतो तेव्हा चित्र फाटत नाही, थ्रीडी चष्म्यातून डोळ्यांना त्रास कमी होतो, असं सांगणारे प्रेक्षकही होतेच.

थ्रीडीचा मुद्दा खरा आहे. दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवायची आणि ती मेंदूने जोडायची, हे चित्र वेगाने सरकताना २४ वर जड जातं. जॅक्सनने आणखी एक तडजोड केली होती, ४८ वर शटर १/९६ ऐवजी १/६४ सेकंद उघडं ठेवायचं. म्हणजे ब्लर थोडा जास्त, जुन्या सवयीच्या थोडं जवळ. तरी लोकांना फरक कळलाच.

‘लाइफ ऑफ पाय’वाला अँग ली त्याच्याही पुढे गेला. २०१६ चा ‘बिली लिन्स लाँग हाफटाइम वॉक’ १२० एफपीएस, ४के, थ्रीडी. तसा दाखवू शकतील अशी थिएटरं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. २०१९ ला विल स्मिथचा ‘जेमिनी मॅन’, पुन्हा १२०. मारामारी आणि मोटरसायकलच्या पाठलागाचं कौतुक झालं, पण दोन माणसं समोरासमोर बोलतायत अशा प्रसंगांत अभिनय उघडा पडल्यासारखा वाटतो, अशी टीका झाली. पैसेही बुडाले.

२०२२ ला जेम्स कॅमेरॉनने ‘अवतार: द वे ऑफ वॉटर’मध्ये मधला मार्ग काढला. एचएफआर थिएटरांत सिनेमा सबंध ४८ वर चालतो, पण साध्या बोलण्याच्या प्रसंगांत एकच फ्रेम दोनदा दाखवतात, म्हणजे दिसायला २४ च. पाण्याखाली गेलो, उड्डाण सुरू झालं, की खरे ४८. ट्रंबलला चाळीस वर्षांपूर्वी जे करायचं होतं, ते जवळजवळ हेच! सगळे मात्र यावरही खूश नव्हते. गुळगुळीत आणि तुटक यांची अदलाबदल जाणवते, आणि जाणवली की गोष्टीतून बाहेर फेकल्यासारखं होतं, असं काहींना वाटलं. गेम खेळणाऱ्यांना हे चटकन कळेल, ६० वर चाललेला गेम मध्येच ३० वर यावा तसं.

मग लोकांना खटकतं नक्की काय?

एक उत्तर सवयीचं. ते बरोबर आहे, पण पुरेसं नाही. नुसती सवय असती, तर बीजीएमआय ९० एफपीएसवर खेळणाऱ्या पोरांना ४८ चा सिनेमा आवडायला हवा होता. माझ्या ऑफिसातले निम्मे लोक गेमसाठी फ्रेम रेटवरून भांडतात, आणि तेच लोक सिनेमा मात्र २४ चाच हवा म्हणतात. गेममध्ये तुमचं बोट आणि पडदा यांच्यातला उशीर कमी व्हावा म्हणून जास्त फ्रेम हव्या असतात. सिनेमात तुमच्या बोटाला काहीच काम नाही.

दुसरं कारण मला जास्त पटतं, आणि ते समजायला आमच्या भागाइतकी चांगली जागा नाही. फुलचूर गोंदियाला लागून, म्हणजे आम्ही झाडीपट्टीतले. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं मुख्य ठिकाण. या रंगभूमीच्या कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली. तर या नाटकात रंगवलेला पडदा रंगवलेलाच दिसतो, मिशी चिकटवलेली आहे हे मागच्या खुर्चीवरूनही कळतं, आणि अख्खा मंडप रडतो, हसतो, शिट्ट्या मारतो. मेकअप दिसतो अशी तक्रार तिथे कोणी केलेली मी ऐकलेली नाही.

कारण तिथे माणूस खरंच समोर उभा आहे, हे सगळ्यांना मान्य आहे. त्याचा घामही नाटकाचा भाग. सिनेमाचा करार वेगळा. तिथे सांगणारा म्हणतो, हे कधीतरी, कुठेतरी घडलं, चला दाखवतो. २४ चा तो पुसटपणा हे अंतर राखतो. ४८-६० वर ते अंतर मिटतं आणि माणूस ‘समोर’ येतो. मग आपण नकळत त्याला समोरच्या माणसाच्या मापाने मोजायला लागतो. हा असा का बोलतोय? ही दाढी खोटी नाही का? म्हणूनच मॅच, नाच, सर्कस, पाण्याखालचं जग, थीम पार्कची खुर्ची इथे जास्त फ्रेम जिंकतात, आणि रचलेल्या गोष्टीत बऱ्याचदा हरतात. माझ्या मते फ्रेम रेट म्हणजे क्वालिटीचा आकडा नाहीच. समोर जे चाललंय ते ‘घडतंय’ की ‘सांगितलं जातंय’, याची ती खूण आहे.

डोळ्याला किती एफपीएस दिसतात, हा प्रश्न यात लोक नेहमी आणतात. डोळा फ्रेम मोजत नाही. प्रकाश सतत येत असतो, आणि ६० व १२० मधला फरकही वेगवान हालचालीत बऱ्याच जणांना कळतो. दिसत नाही म्हणून २४ पुरे, असं अजिबात नाही. दिसतो म्हणूनच तर वाद आहे.

तुमच्या टीव्हीत आणि फोनमध्ये चाललेली लुडबुड

‘सैराट’ कोणी ६० वर शूट केलेला नाही. मग तो सिरीयलवानी का दिसला? टीव्हीमुळे. बरेच टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या अंदाजाने नव्या फ्रेम तयार करून घालतात. याला मोशन स्मूदिंग म्हणतात, आणि खूपदा ते कारखान्यातूनच चालू येतं. दुकानात मॅच लावलेली असते तेव्हा चित्र झकास दिसतं, म्हणून. पण तो अंदाज आहे. हात पटकन हलला की बोटांभोवती पाण्यासारखी झिलई दिसते, मारामारीत कडा फाटतात.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्टोफर मॅक्वॉरीबरोबर एक छोटा व्हिडिओ टाकून लोकांना हेच बंद करायला सांगितलं होतं. पुढच्या वर्षी यूएचडी अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला, ज्याला नोलन आणि स्कोर्सेसीसारख्यांचा पाठिंबा होता. तो चालू केला की टीव्ही ही लुडबुड थांबवतो. तुमच्या टीव्हीत तो नसेल तर पिक्चर सेटिंगमध्ये शोधा. सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’ अशी नावं असतात. सिनेमाला बंद, मॅचला हवं तर चालू. काही फोनमध्येही व्हिडिओ ‘एन्हान्स’ करणारी अशी सोय असते, तीही बघून घ्या.

एक बारकावा. सगळं बंद करूनही कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळत असेल, तर ते कदाचित पडद्याच्या गणितामुळे. ६० हर्ट्झच्या पडद्यावर २४ समान बसत नाही, एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम बरोबर पाचदा दाखवता येते. त्यामुळे १२० हर्ट्झचा पडदा जुन्या २४ च्या सिनेमालाही उपयोगी पडतो, फक्त गेमला नाही.

आता तुम्ही शूट करताय तर

हा प्रश्न मला माझ्या चुलतभावाने विचारला. त्याच्याकडे या हंगामात दोन कामं आहेत. एका मंडळाचं नाटक फोनवर रेकॉर्ड करायचंय, आणि त्यातल्याच दोन कलाकारांना घेऊन दहा-बारा मिनिटांची शॉर्टफिल्म करायचीय. नाटक एकदाच होणार. पुढच्या गावाला दाखवायला, काम मिळवायला मंडळाकडे तो व्हिडिओच राहणार. म्हणजे आकडा चुकला तर पुन्हा घ्यायची सोय नाही.

म्हणून आम्ही घरी एक छोटा प्रयोग केला. पुतण्या सायकलवर, स्वयंपाकघरात दोघांचं बोलणं, आणि चुलतभावाने केलेली नाटकातली एक नक्कल, हे तिन्ही २५ आणि ५० वर घेतलं आणि न सांगता घरच्यांना दाखवलं. संशोधन वगैरे नाही, घरचेच लोक. सायकल सगळ्यांना ५० वर आवडली. स्वयंपाकघरातलं बोलणं २५ वर ‘पिक्चरसारखं’, ५० वर ‘लग्नाच्या व्हिडिओसारखं’. नक्कल मात्र जवळजवळ सगळ्यांना ५० वर जिवंत वाटली. मोठी आई म्हणाली, “हे कसं, मंडपात बसल्यावानी वाटते.”

२४ किंवा ३० न घेता २५ आणि ५० घेण्याचं कारण आपली वीज. आपल्याकडचे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये त्या चढउताराचे पूर्ण फेरे बसतात. १/६० असेल तर बसत नाहीत, आणि चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसतात. मंडपातल्या एलईडीखाली हे हमखास दिसतं. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू केलं की २५ दिसायला लागतं. अँड्रॉइडच्या साध्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा ३० आणि ६० च असतात. तिथे प्रो मोडमध्ये ३० ला १/५० आणि ६० ला १/१०० शटर ठेवा, काम होतं. ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ हे फुकट ॲपही आहे. तुमचा फोन देत असेल तर त्यात २४, २५, ५० सगळं निवडता येतं.

आणखी एक फोनची खोड. अंधार वाढला की काही फोन गुपचूप फ्रेम रेट कमी करतात. नाटकात दिवे मंद झाले की नेमकं हे होतं, आणि मग एडिट करताना आवाज आणि ओठ जुळत नाहीत. फ्रेम रेट आपोआप बदलू देणारी सेटिंग असेल तर ती बंद ठेवा.

५० चं २५ करणं सोपं, एक सोडून एक फ्रेम काढायची. ब्लर थोडा कमी राहतो, पण चालतं. उलटं, २५ चं ५० करायला गेलात तर मधल्या फ्रेम कुठल्यातरी सॉफ्टवेअरला अंदाजाने भराव्या लागतात, म्हणजे पुन्हा तीच टीव्हीवाली झिलई. नाटकांच्या जुन्या कॅसेटचं असंच झालंय. मुळात सेकंदाला ५० वेळा टिपलेली हालचाल, पण यूट्यूबवर चढवताना कित्येकांनी तिचं २५ करून टाकलं. यूट्यूब २०१४ पर्यंत ६० एफपीएस घेतच नव्हतं. निम्मी हालचाल तिथेच गेली. ज्यांच्या घरी मूळ कॅसेट अजून धड आहे, त्यांनी ती पुन्हा उतरवून घेतली तर पूर्ण ५० मिळू शकतात.

चुलतभावाचं ठरलंय. नाटक ५० वर, शटर १/१००, फोन तिपाईवर, आवाज वेगळ्या माईकने. शॉर्टफिल्म २५ वर, शटर १/५०. फक्त शॉर्टफिल्ममध्ये एक प्रसंग असा आहे, की नायक मंडपात बसून नाटक बघतोय. तेवढं नाटक ५० वर दाखवावं का, म्हणजे तो बघतोय ते जिवंत आणि बाकी गोष्ट फिल्मी, असं त्याच्या डोक्यात आलंय. सगळी फाईल ५० ची ठेवून २५ चे शॉट दुप्पट फ्रेमने भरले की ते जमतं. मी त्याला म्हटलं, दोन्ही करून बघ आणि मोठ्या आईला दाखव.